विहीणबाई, भिंत तरंगली

१२ जानेवारी

विहीणबाईंना नमस्कार.

तुम्हाला फोन करून करून थकले. एकदाच उचललात, आणि मी तोंड उघडायच्या आत "हो हो, सगळं ठीक" म्हणून ठेवूनही दिलात. म्हणून हे पत्र. जन्मभर शाळेत मुख्याध्यापिका होते, तेव्हा अक्षर तरी लागेल.

गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून मी लेकीकडेच आहे. तिच्याच हॉस्पिटलात झालं, नर्सची आई म्हणून बडदास्तही राहिली. ती दिवसभर ड्युटीवर. घरात मी आणि तुमचे चिरंजीव. कारखान्यातला त्यांचा तपासणी विभाग बंद झाला, हे तुम्हाला ठाऊक असेलच. नोकरी जाण्यात लाज नाही. पण नोकरी गेल्यावर माणूस अर्ज करतो, चार लोकांना भेटतो. जावईबापूंनी काय करावं? हॉलमध्ये चार फुटी काचेची टाकी आणून ठेवली आणि तिच्यात दगडांची भिंत बांधायला घेतली. मासे नाहीत, पाणी नाही. नुसती भिंत.

रोज पिशवीभर दगड येतात. एकेकावर व्हिनेगरचे थेंब टाकायचे. फेस आला तर त्यात चुना आहे, पाणी बिघडवेल, बाद. नाही आला तर घासायचा, धुवायचा आणि माझ्या खुर्चीशेजारी वाळत टाकायचा. काल मी काठी टेकवली ती नेमकी दगडावर. दुसऱ्या गुडघ्याचं ऑपरेशन थोडक्यात टळलं.

माणूस वाईट नाही, हेही लिहायला हवं. माझे व्यायाम तेच करून घेतात. "पाय वर", "पाय खाली". पण बोलणं तेवढंच. बाकी मी कितीही बोलले तरी उत्तर "हं".

तुम्ही आई आहात. तुमचं ऐकतील. जरा समजवा.

तुमच्या सुनेची आई


२१ जानेवारी

विहीणबाई,

तुमचं पत्र वाचलं आणि हातातली कात्री खाली ठेवली. नोकरी गेली? कधी? मला कुणी एका शब्दानं सांगितलं नाही. मी इथे कपडे शिवायला येणाऱ्या प्रत्येकीला सांगत सुटलेय की मुलाला बढती मिळाली, आणि खरं काय ते मला तुमच्याकडून कळावं?

फोनचं म्हणाल तर तो बिघडलाय. टाकीन दुरुस्तीला.

दगडांचं ऐकून मात्र नवल वाटलं नाही. लहानपणी आम्ही त्याला मुंगळा म्हणायचो. एकदा चिकटला की मान तुटेल पण सुटणार नाही. एका सुट्टीत माझं शिवणाचं मशीन खोलून बसला. जेवायला उठेना, झोपायला उठेना. सगळं परत जोडलं तेव्हाच उठला. दोन स्क्रू उरले, ते अजून डबीत आहेत आणि मशीन अजून चालतंय. तेव्हा भिंत होईल, त्याची काळजी करू नका. पण मुंगळा दुखावला की बोलत नाही, हेही तितकंच खरं.

त्यानं मला का सांगितलं नाही, तेवढं विचारून कळवा. मी स्वतः नाही विचारणार. मलाही मान आहे.

तुमच्या जावयाची आई


२९ जानेवारी

विहीणबाई,

विचारलं. आणि आता मला तुमचा राग आलाय, तो आधी लिहून मोकळी होते.

व्यायाम चालला होता. मी म्हटलं, "आईंना सांगितलंत का हो, नोकरीचं?"

"सांगितलं."

"कधी?"

"त्याच संध्याकाळी. कारखान्याच्या फाटकातूनच फोन केला."

"मग? काय म्हणाल्या?"

माझा पाय वर धरला होता, तो खाली ठेवायचं विसरले. "मी म्हटलं, आई, आमचा विभाग बंद झाला, उद्यापासून मी घरी. तर म्हणाली, छान झालं रे, मी वाटच बघत होते. आता निवांत झोप."

विहीणबाई, मुलगा सांगतो नोकरी गेली आणि आई म्हणते छान झालं? वर मला लिहिता, कुणी एका शब्दानं सांगितलं नाही?

त्या फोननंतर त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. बायकोलासुद्धा. रोज डबा घेऊन बाहेर पडायचे आणि संध्याकाळी परत यायचे. लेकीला कळलं ते वॉर्डातल्या एका पेशंटच्या बायकोकडून. तिचा नवराही त्याच कारखान्यातला. ही सलाइन लावतेय आणि ती बाई सहज म्हणते, "तुमच्याही मिस्टरांचा विभाग गेला ना हो?" माझ्या मुलीला सुई दुसऱ्यांदा टोचावी लागली म्हणे, आणि तिला कधी दुसऱ्यांदा टोचावी लागत नाही.

भिंत झालीय. थर्माकोलच्या जाड पाटीवर चपटे काळे दगड चिकटवलेत, खाली मोठे, वर लहान, मध्ये झाडं लावायला खाचा. ती पाटी टाकीच्या मागच्या काचेला चिकटवली. दिसते सुंदर. मी त्यांना तसं सांगितलेलं नाही. उद्या पाणी भरणार आहेत.

तुमच्या सुनेची आई


३ फेब्रुवारी

विहीणबाई,

भिंत तरंगली.

थट्टा करत नाही. पाणी अर्ध्यावर आलं आणि मागे टच्च असा आवाज झाला. थर्माकोलच तो, पाण्यात खाली कसा राहील! काचेवरचा गोंद सुटला, अख्खी भिंत दगडांसकट वर उचलली गेली, क्षणभर ऐटीत तरंगली आणि तोंडावर पडली. दगड निखळले. टाकीची काच वाचली, पण निम्मं पाणी हॉलमध्ये. मी खुर्चीत पाय वर घेऊन बसलेली, आणि मला हसू फुटलं. फुटायला नको होतं.

लेक तेवढ्यात ड्युटीवरून आली. दारातच उभी राहिली, चपला पाण्यात. म्हणाली, "मला एक वाक्य सांगता आलं नाही तुला. आणि या दगडांना मात्र..." जावईबापू फडकं घेऊन पुसत राहिले. मग दगड, पाटी, सगळं गॅलरीत नेऊन टाकलं.

लेकीच्या ड्युट्या वाढल्यात, म्हणून ती सध्या हॉस्पिटलच्या क्वार्टर्समध्येच राहते. इथे आम्ही दोघंच. पिशवी येत नाही की व्हिनेगरचा वास येत नाही. "पाय वर"सुद्धा आता हातानंच दाखवतात.

मागच्या पत्रात जास्त बोलले असेन. भांडा माझ्याशी, पण उत्तर पाठवा.

तुमच्या सुनेची आई


१० फेब्रुवारी

विहीणबाई,

भांडू कुठल्या तोंडानं? खरं काय ते लिहिते.

मला ऐकू येत नाही.

एकदम गेलं असतं तर चारचौघांना कळलं असतं. हळूहळू गेलं, जुन्या कापडाचा रंग जातो तसं. समोर माणूस असला की ओठांवरून जुळवून घेते. परवा एकीनं बाह्या आखूड सांगितल्या, मी मनगटापर्यंत शिवल्या. बिचारी म्हणाली, "असू दे, थंडीत होतील." पण फोनवर ओठ कुठून दिसणार? तिथे माझी ठरलेली वाक्यं आहेत. "हो हो." "सगळं ठीक." "छान झालं." पलीकडचा थांबला असं वाटलं की यातलं एक द्यायचं ठेवून. आजवर निभावलं. लोकांना आपलं बोलायचं असतं, उत्तराकडे कोण लक्ष देतं!

त्या संध्याकाळी "बंद झाला" मधलं "झा" तेवढं माझ्या कानाला लागलं. आधी येऊन गेला होता तेव्हा बढतीचं चाललंय म्हणाला होता. मला वाटलं, झाली एकदाची. म्हणून मनापासून म्हटलं हो, छान झालं. फोन ठेवून हसत बसले होते मी, आणि तिकडे माझं पोर फाटकात उभं.

त्याला यातलं काही कळू देऊ नका, तुम्हाला माझी शपथ आहे. कळलं तर तो मला इथून उचलून नेईल, मशीन बंद करायला लावील. मला माझं घर आहे, माझी गिऱ्हाइकं आहेत. रेंज नव्हती, आईला नीट ऐकू गेलं नसेल, असं काहीतरी सांगा. बहिरी हा शब्द मात्र नको.

तुमच्या जावयाची आई


१६ फेब्रुवारी

विहीणबाई,

शपथ मोडली. काय शिव्या द्यायच्या त्या द्या.

रेंज नव्हती, असं सांगायला सुरुवात केली होती. पण मुलांच्या थापा पकडण्यात हयात गेली, स्वतःला एक धड मारता येईना. सरळ तुमचं पत्रच हातात दिलं.

उभ्यानंच वाचलं. मग खाली बसले. "म्हणजे आईला ऐकूच आलं नव्हतं?"

"नाही."

"एक अक्षरही नाही?"

"'झा' तेवढं आलं."

आणि हसले हो! किती दिवसांनी. हसता हसता शर्टाच्या बाहीनं डोळे पुसायला लागले. मग एकदम चिडले. "इतके दिवस लपवून ठेवलं? माझ्यापासून?"

मी म्हटलं, "डबा घेऊन बाहेर पडणं कुणाकडून आलंय, ते आज कळलं."

त्यावर उठले आणि बॅग शोधायला लागले.

तुम्ही खरं लिहिलंत, तर मीही खरं लिहिते. लेक ड्युटीसाठी गेलेली नाही. रागावून, बॅग भरून गेलीय. मुख्याध्यापिकेच्या घरात असं काही होत नाही, अशी माझी समजूत होती, म्हणून ड्युटी लिहिली. तुम्ही कान झाकलेत, मी तोंड. हिशेब सारखाच झाला.

ते सकाळच्या गाडीनं तुमच्याकडे निघालेत. पत्राच्या आधी पोचतील. मी एकटी राहू शकते, काळजी करू नका. "पाय वर" मला आता पाठ झालंय.

तुमच्या सुनेची आई


२७ फेब्रुवारी

विहीणबाई,

शिव्या द्यायच्या होत्या, पण आता सुचत नाहीत.

आला तेव्हा मी मशीनवर होते. बेल वाजवली, दार ठोठावलं, मला काय पत्ता? शेवटी खिडकीतून हात घालून त्यानं दिव्याचं बटण चालू-बंद, चालू-बंद केलं. दिवा मिचकावतोय म्हणून मी वळले, तर खिडकीत हा.

आत आला, बॅगही खाली ठेवली नाही. माझ्यासमोर उजेडात उभा राहिला आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाला, "आई. माझी. नोकरी. गेली."

सगळं कळलं मला. म्हटलं, "वाईट झालं रे बाळा."

"हो," म्हणाला. "फार वाईट झालं." आणि मशीनशेजारी फरशीवर बसला. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. शिलाई अर्धीच होती, ती संध्याकाळपर्यंत तशीच राहिली.

मला उचलून वगैरे नेलं नाही. कानाच्या डॉक्टरकडे नेलं. वाटाण्याएवढं यंत्र बसवलंय. पहिले दोन दिवस नको नको झालं. चमचा पडला तरी दचकायची. माझं मशीन इतकं खडखडतं हे मला माहीतच नव्हतं. ते दोन स्क्रू लावून दे म्हटलं, तर म्हणाला कुठले ते आठवत नाहीत.

घरामागच्या ओढ्यावर जाऊन दगड घेऊन आला. मनात म्हटलं, पुन्हा चिकटला मुंगळा! मागच्या दारी बसून आम्ही व्हिनेगरचे थेंब टाकत होतो. एक काळा, देखणा दगड होता. त्यानं निरखून बघितलं. "चालेल, फेस नाही." मी उचलून कानाशी धरला. आत अगदी बारीक फसफस चालली होती. म्हटलं, "थांब, हा बोलतोय." त्यानं भिंगातून पाहिलं, तर भेगेत बारीक बुडबुडे. विहीणबाई, तो दगड त्यानं टाकला, पण मी ठेवून घेतलाय.

आता थर्माकोल नको म्हणतो. प्लास्टिकची जाळी घेणार. तिच्यातून पाणी आरपार जातं, ती वर यायला बघत नाही. खालचे मोठे दगड वाळूत रोवणार. निघताना विचारलं, "आई, तिला काय सांगू?" मी म्हटलं, "मला सांगितलंस तेच. असंच समोर उभं राहून."

तुमच्या जावयाची आई


२८ मार्च

विहीणबाई,

उशीर झाला, पण लिहिण्यासारखं काही हातात येईपर्यंत थांबले होते.

तुमच्याकडून आले ते थेट क्वार्टर्सवर गेले. सगळं सांगितलं. फाटक, तुमचं "छान झालं", आणि त्यानंतर दुसऱ्या कुणाला सांगायला जीभ कशी रेटेना ते. लेकीनं ऐकून घेतलं, चहा पाजला आणि परत पाठवलं. माझीच मुलगी ती. उत्तरपत्रिका लगेच परत देत नाही.

मग भिंत पुन्हा उभी राहिली. यावेळी मलाही कामाला लावलं. दगडांवर शेवाळ दोऱ्यानं बांधायचं असतं, घट्ट नाही, सैल नाही. पाय स्टुलावर ठेवून मी तेच करत बसायचे. "सासूबाई, तुमची गाठ चांगली बसते," म्हणाले. इतक्या वर्षांत पहिलं कौतुक. जाळी आणि काच यांच्यामध्ये चार बोटं जागा सोडलीय, तिथे पंप. पाणी भरलं तेव्हा मी श्वास रोखून बसले होते. पाणी वर आलं. भिंत जागची हलली नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. कुणीच टाळ्या वाजवल्या नाहीत, पण वाजवायला हरकत नव्हती.

आणि आठवड्याभरात खाचांत लावलेली झाडं सडायला लागली. पानं काचेसारखी पारदर्शक झाली, मग लिबलिबीत. मी म्हटलं, "मेली सगळी." ते चिमट्यानं एकेक पान काढत बसले. काल तेच चाललं असताना लेक आली. माझा गुडघा बघायला, असं म्हणाली. गुडघा बघितला. मग टाकीपुढे उभी राहिली.

"हे काय झालं?"

"ही झाडं रोपवाटिकेत, हवेत वाढलेली. पाण्यात घातली की हवेतली पानं गळतात. मुळं जिवंत असली तर पाण्यातली नवी पानं येतात."

"आणि नाही आली तर?"

एरवी "हं" म्हणाले असते. काल हातातला चिमटा खाली ठेवला, वळले आणि तिच्याकडे बघून म्हणाले, "मला भीती वाटतेय. सकाळी उठल्या उठल्या आधी हेच बघतो. एका पंपांच्या कारखान्यात अर्ज टाकलाय, त्याचीही भीती वाटतेय. तू परत येणार नाहीस, याची सगळ्यात जास्त."

लेकीनं पर्स खाली ठेवली. "सरक," म्हणाली. "चिमटा असा धरतात का?" आणि बाह्या वर करून शेजारी बसली.

मी उठून आत गेले. काठीशिवाय, खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. कुणी बघितलंसुद्धा नाही.

तुमच्या सुनेची आई

ता. क. घडी घातलेलं पत्र पाकिटात घालायच्या आत पुन्हा उघडावं लागलं. सर्वांत खालच्या खाचेत एक पान आलंय. नखाएवढं, पोपटी. लेकीची बॅगही आली.


१४ जून

विहीणबाई,

तुम्ही आपल्या घरी गेलात आणि तुमच्या खोलीत मी आलेय. कानाचं यंत्र जुळवून घ्यायला डॉक्टरांनी इथल्या दवाखान्यात बोलावलं होतं. चार दिवसांनी परत जाईन, गिऱ्हाइकं खोळंबलीत.

मुलगा पंपांच्या कारखान्यात रुळलाय. पगार आधीपेक्षा कमी आणि दुसरी पाळी, पण येताना शीळ घालत येतो, ती मला जिन्यापासून ऐकू येते. सून तिच्या रात्रपाळीहून सकाळी येते. दोघांची गाठ सकाळच्या चहाला, आणि तेव्हा इतकं बोलतात की मध्ये मला शब्द घालायला जागा नाही.

भिंत आता दगडाची वाटत नाही, हिरवीगार झालीय. महिन्यापूर्वी गप्पी मासे सोडले. आज सकाळी सून टाकीच्या बाजूनं डोकावून म्हणाली, "अरे, मागे काहीतरी हलतंय." बघतो तो पंपाच्या जागेत पिल्लं! डोळे आणि शेपूट, बाकी काही नाहीच. जाळीच्या भोकातून मागे गेलेली, आणि तिथे पंप. कधी आत ओढली जातील नेम नाही.

त्यानं झटकन पंप बंद केला. पण काढायची कशी? मागे हात जात नाही, जाळं जात नाही. तो भिंतीकडे बघत बसला. माझ्या मनात आलं, एवढ्या कष्टानं उभी केलेली, आता हा काही तिला हात लावणार नाही.

तो उठला, पट्टीसारखी एक सुरी घेऊन आला आणि मधोमधच्या दगडामागे घातली. तुम्ही शेवाळ बांधलेला, सगळ्यात दाट धरलेला. मी म्हटलं, "अरे, तो नको! चांगला आलाय."

"पण वाट तिथूनच होते, आई."

दगड निघाला. मागची जाळी कापली. भिंतीत खिडकीएवढं भोक पडलं, आणि पाणी गढूळ झालं. आम्ही तिघं फरशीवर बसलो. पिल्लं काही येईनात. सुनेनं चिमूटभर खाणं समोर टाकलं. मग एक आलं, भोकाच्या कडेला थांबलं, परत गेलं. पुन्हा आलं, आणि त्याच्यामागून दोन. मग रांगच लागली.

सून म्हणते अठरा आहेत. मी मोजली तर बावीस. तो म्हणतो, हलणाऱ्या गोष्टी मोजू नयेत, आणि मग स्वतःच मोजून एकवीस सांगतो. तासभर झाला, चहा गार झाला, कुणीही माघार घ्यायला तयार नाही.

निकाल द्यायला मुख्याध्यापिका हवी. तुम्ही या. पिल्लं मोठी व्हायच्या आत या.

तुमच्या जावयाची आई